चिठ्ठ्या काढणारे सर

सरांच्या शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर असायचं, पण चष्मा त्यात कधीच नसायचा. चष्मा डोळ्यांवर, नाहीतर कपाळावर. चष्म्याच्या त्या घरात असायच्या बारीक घड्या केलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या. सकाळी उठून ते एक चिठ्ठी काढत आणि तिच्यावर जी भाजी लिहिलेली असेल ती करत. अंबाडी निघाली की अंबाडी, पातोडी निघाली की पातोडी. बाजारात त्या दिवशी अंबाडी नसली तर चिठ्ठी बदलायची नाही, ठेच्याशी भाकरी खाऊन मोकळं व्हायचं.

"हे असं का करता?" मी एकदा विचारलं.

"मी निवडली त मी रोज वांगंच निवडीन," ते म्हणाले. "मंग मले वांगं आवडते, का बाकीचं मी खाऊनच नाही पाह्यलं, हे कसं समजन?"

हे ऐकून माणूस विक्षिप्त वाटतो. ते होतेच. पण त्यांच्या विक्षिप्तपणाचा कोणाला त्रास व्हायचा नाही; झालाच तर त्यांना स्वतःलाच व्हायचा, आणि तो ते आनंदाने सोसत.

अकोल्याच्या आमच्या कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवत आणि मी ग्रंथालय सांभाळत होते. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या समासात पेन्सिलीने 'कशावरून?' असं लिहिलेलं आढळलं की ते पुस्तक कोणी नेलं होतं हे मला नोंदीत पाहावं लागत नसे. मी खोडरबर घेऊन त्यांच्या मागे असायचे. सरांचं मूळ गाव हिवरखेड. वडील मजुरी करायचे. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते मुलाला शाळेत बसवण्याचं. पुढे कितीही शिकले तरी सर वर्गात घरचीच वऱ्हाडी बोलत. एका प्राचार्यांनी त्यांना भाषा जरा सुधारायला सुचवलं. सर म्हणाले, "साहेब, मी शुद्ध बोललो त पोट्टे माह्याकडे पाहतीन. फळ्याकडे कोण पाहीन?"

निवृत्तीनंतर ते अमरावतीला राहायला गेले. लग्न केलेलं नव्हतं, सामान म्हणजे दोन ट्रंका. खोली मिळाली ती फुलांच्या एका गोदामाच्या वर. चढताना जिन्यात निशिगंधाचा आणि कुजलेल्या पाकळ्यांचा वास एकत्र यायचा. खोलीच्या मालकीणबाईंना सगळा फूलबाजार मावशी म्हणत असे, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांच्या घरची शेवंतीची आणि झेंडूची शेती, बाजारात स्वतःचं दुकान, आवाज असा की समोरच्या रस्त्यावरचं गिऱ्हाईक थांबावं. त्यांचा नातू रक्ताच्या कॅन्सरनं गेला होता. त्यानंतर मावशींनी एक रीत सुरू केली: दिवसाचा जो शेवटचा हार विकला जाईल त्याचे पैसे वेगळे ठेवायचे. हळूहळू बाजारातल्या बाकीच्या दुकानांनीही ती रीत उचलली. पैसे साठले, तेव्हा कोणीतरी म्हणालं ट्रस्ट करा, आणि वरच्या खोलीत शिकलेला माणूस आयताच बसलेला होता, म्हणून सर त्याचे सचिव झाले.

मावशींना दवाखान्यातल्या मुलांना फळं वाटायची होती. सर म्हणाले, "फळं वाटा ना. पण थोडे पैसे एखाद्या प्रश्नाले द्या."

"प्रश्नाले?"

"हो. डॉक्टराईले ज्याचं उत्तर मालूम नाही असा प्रश्न."

"डॉक्टराईले मालूम नाही असं बी असते का जी?"

"लय असते, मावशी. सांगत नाहीत फक्त."

अशा रीतीने हारांच्या पैशातून लहान मुलांच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला मदत करायचं ठरलं. सरांनी एकच अट घातली. ज्या डॉक्टरांना मदत हवी त्यांनी स्वतः फूलबाजारात यावं आणि आपला प्रश्न दुकानदारांना समजावून सांगावा. मी म्हटलं, असं कोणी येणार नाही. ते म्हणाले, "ज्याईच्या हाराचा पैसा आहे त्याईले समजलं पाह्यजे. ज्याले समजावून सांगता येत नाही त्याले स्वतःले तरी काय समजलं असन?" बरेच जण आले नाहीत. नागपूरच्या एका डॉक्टरीणबाई आल्या. सकाळचा लिलाव आटोपला होता, ओल्या बारदानावर त्या मांडी घालून बसल्या आणि बोलू लागल्या.

त्यांचा प्रश्न असा होता. रक्ताच्या कॅन्सरचा एक सौम्य प्रकार असतो. त्यातली बहुतेक मुलं बरी होतात, पण उपचार फार लांब चालतो. पहिले कठीण महिने संपले की पुढे घरीच औषधं घ्यायची, आणि त्यात दर महिन्याला काही दिवस फार कडक गोळ्या असतात. त्या गोळ्यांनी मूल सुजतं, सतत खा-खा करतं, चिडतं, मारतं, झोपत नाही. काहींची हाडं कमजोर होतात. सौम्य आजाराच्या मुलांना या गोळ्या खरंच लागतात का, की त्यांच्याशिवाय बाकीच्या औषधांवरही ती तेवढीच बरी होतील? हे शोधायचं तर काही मुलांना गोळ्या चालू ठेवायच्या आणि काहींना द्यायच्या नाहीत. कोणाला द्यायच्या हे डॉक्टरांनीही ठरवायचं नाही, आईबापांनीही नाही. ते चिठ्ठीवर.

बाजार ऐकत होता. मग मावशी म्हणाल्या, "म्हणजे पैसे आमी देऊ, अन् तुमी पोराईले औषध कमी देसान?"

लोक हसले, पण मावशी हसत नव्हत्या. "आमच्यात गिऱ्हाईकाले वरून दोन फुलं जास्त टाकतात, बाई. कमी करत नाही आमी."

सरांनी त्यांना पटवायचा बराच प्रयत्न केला. मावशी शेवंतीच्या बादलीत डोकेदुखीची गोळी टाकत. त्यानं फूल टिकतं असं त्या मानत. सरांनी दोन बादल्या मांडल्या, एकीत गोळी, दुसरीत नुसतं पाणी, आणि कोणती जुडी कुठे जाईल हे खिशातल्या चिठ्ठ्यांवर सोडलं. दोन्ही बादल्यांतली फुलं सारखीच माना टाकून बसली.

"पाहा, फरक नाही," सर म्हणाले.

"तुमच्या बादलीत नसन," मावशी म्हणाल्या, आणि आपल्या बादलीत गोळी टाकली.

त्यांना पटलं ते वेगळ्याच गोष्टीनं. डॉक्टरीणबाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मावशींनी त्यांचा हात धरला. "बाई, खरं सांगा. कोणतं बरं, ते तुमाले खरंच मालूम नाही?"

"खरंच माहीत नाही, मावशी."

मावशी बराच वेळ फुलं ओवत राहिल्या. "माह्या नातवाच्या वक्ताले सगळेच म्हणत होते, मालूम आहे," त्या म्हणाल्या. "द्या याईले पैसे." मात्र मदत एकेक वर्षाचीच द्यायची आणि दरवर्षी बाजारानं बसून पुन्हा ठरवायचं, असंही त्यांनीच घालून दिलं. हा अभ्यास बऱ्याच रुग्णालयांत मिळून चालणार होता; पैसे मधेच थांबले तर आपल्याकडच्या मुलांपुरतं तरी काम अर्धवट राहणार होतं. अर्धवट प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, हे सरांना सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं, आणि त्या काळात त्यांना दुसरी कसली धास्ती नव्हती.

मी या कामात ओढली गेले ते भाषेसाठी. नागपूरहून येणारे इंग्रजी कागद मी मराठीत करायचे आणि सर रविवारी अकोल्याला येऊन ते तपासायचे. मी 'यादृच्छिक वाटप' असं लिहिलं होतं. त्यांनी वहीवर बोट ठेवलं.

"हा शब्द कोणाच्या घरी बोलतात, बाई?"

"कोणाच्याच नाही. पण बरोबर आहे."

"कोणाच्याच घरी नाही, त कोणासाठी बरोबर आहे? चिठ्ठी लिहा."

मी चिठ्ठी लिहिलं. असं करत करत माझ्या भाषेवरचा निम्मा कपडा त्यांनी फाडला, आणि खाली अंग निघालं ते बरं होतं, हे मला कबूल केलं पाहिजे.

आमच्या भागातली मुलं नागपूरला उपचाराला जायची आणि मधेच यायची बंद व्हायची. कारण शोधायला सर घरोघर हिंडले. वर्धेपर्यंत सीट नाही, मजुरी बुडते, घरी दुसरं लेकरू रडतं. पण या सगळ्यांच्या खाली एकच कारण होतं. आई एकटी पडते. मग सरांनी बाजाराकडून दुसरी गोष्ट मंजूर करून घेतली. कोणतीही आई नागपूरला एकटी जाणार नाही. दोन घरांची जोडी लावायची, दोघींची तारीख एकच, गाडी एकच, तिथं राहायची खोली एकच. भाडं आणि खोली ट्रस्टची. कागदावर या गोष्टीला मी काय नाव देऊ असं विचारलं तर म्हणाले, "नाव कायले पाह्यजे? लिहा, सोबत."

एक जोडी वलगावच्या आणि चांदूर रेल्वेच्या आईची होती. वलगावच्या आईचा मुलगा, चांदूरच्या आईची मुलगी; दोघंही साधारण एकाच वयाची, दोघांनाही तोच सौम्य प्रकार. वलगावची आई बडनेऱ्याला गाडीत चढायची आणि पुढच्या सीटवर रुमाल टाकून, सगळ्या डब्याशी भांडून, चांदूर येईपर्यंत ती सीट राखायची. चांदूरची आई चढली की दोघी आधी डबे उघडायच्या. वलगावची मेथी चांदूरच्या पोळीवर आणि चांदूरचं भरीत वलगावच्या भाकरीवर. नवऱ्यांची नावं न घेता त्यांची इतकी निंदा चालायची की समोरचा माणूस खिडकीबाहेर पाहायला लागायचा. दोघींनी डॉक्टरीणबाईंच्या अभ्यासाला होकार दिला होता. चिठ्ठी निघाली तेव्हा मुलीला गोळ्या आल्या, मुलाला नाही.

मुलं रक्त तपासायला अमरावतीला आली की सर त्यांना एका गाडीवर नेऊन गिलावडा खाऊ घालत. दह्यात बुडालेला तो वडा मुलांना आवडायचाच. शिवाय सर स्वतःच्या प्लेटमधली चटणी शर्टावर सांडत, तेही त्यांना आवडायचं. एकदा मी अमरावतीला गेले होते, तेव्हा दोन्ही आया आणि दोन्ही मुलं तिथं होती. मुलानं आपली प्लेट संपवली, आईची ओढली, मग मुलीची ओढली, आणि ती देईना तेव्हा तिला मारून रडायला लागला. गाल फुगलेले होते. मुलगी शांतपणे बसून काड्यापेटीच्या काड्या मांडत होती.

सरांनी प्लेट खाली ठेवली. "याले एवढी भूक काहून लागून राहिली?"

"वाढीचं वय आहे, सर," वलगावची आई म्हणाली.

सर मुलीकडे वळले. "अन् तुले काहून नाही लागून राहिली?"

मुलगी सरळ मनाची होती. "मले आता अर्ध्याच गोळ्या असतात," ती म्हणाली. "अर्ध्या त्याले देतो आमी."

 चांदूरच्या आईनं पदर तोंडाशी नेला. मग तिनंच सांगितलं.

"सर, मी भाजीचा डबा बी हिच्याबिगर उघडत नाही. माह्या पोरीले औषध भेटते, हिच्या पोराले भेटत नाही, अन् आमी बसतो एका बाकावर. मले पाहवलं नाही."

"मंग?"

"मंग काय. अर्ध्या केल्या. बरोबर मधून."

वलगावच्या आईनं सरांचे पायच धरले. "डॉक्टरीणबाईले नका सांगू. काढून टाकतीन आमाले. मंग भाडं कोण देईन, खोली कोण देईन? पोरगं मरन माहं."

सर ओरडले नाहीत. आयुष्यभर आकड्यांची भेसळ सहन न करणारा माणूस. वर्गात कोणी बेरीज जुळवून आणली तर तास सोडून निघून जायचे. त्या दिवशी त्यांनी तिला उठवलं आणि म्हणाले, "उद्या मी बी येतो गाडीत." परत जाताना जिन्यात थांबून मला म्हणाले, "बाई, याईले एका बाकावर आपण बसवलं. वाटून खाणारच ना ते. माणसं आहेत." मग जरा वेळानं, "हे माह्या ध्यानात काहून नाही आलं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे नागपूरला गेलो. सरांनी दोघींना समोर बसवून डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. आधी त्यांनी मुलं तपासली, रक्त पाहिलं. नशिबानं दोघंही ठीक होती. अशा गोळ्या मनानं घेतल्या किंवा मनानं कमी केल्या तर काय काय होऊ शकतं, ते त्यांनी दोघींना सांगितलं, आणि ते ऐकताना वलगावची आई मुलाला मांडीवर अशी दाबून बसली होती की तो गुदमरला. कोणालाही काढून टाकणार नव्हते. झालं ते झालं तसं लिहायचं, आणि ज्या मुलाची जी चिठ्ठी निघाली त्याच बाजूला त्याला मोजायचं, असा नियमच होता. उपचार, भाडं, खोली, काही थांबणार नव्हतं.

"पण सर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या दोघींना यापुढे वेगवेगळ्या दिवशी बोलवावं लागेल. सगळ्याच जोड्यांना. नाहीतर असं पुन्हा होईल. हे तुम्हाला मी सांगायला नको."

त्यांचं म्हणणं हिशेबाला धरून होतं, आणि हिशेबाचा माणूस समोर बसला होता. मला वाटलं ते हो म्हणतील.

"नाही," सर म्हणाले.

"आकडे खराब होतील, सर."

"थोडे होतीन. समजावून सांगू, कमी होतीन. पण एकटी बाई अर्ध्यावर सोडते, अन् मंग पोरगंच जाते. गेलेलं पोरगं कोणत्या बाजूले मोजसान?" मग आयांकडे वळले. "तुमी सोबतच येजा. भाजी वाटा, भांडणं वाटा, नवऱ्याच्या तक्रारी वाटा. गोळ्या नाही. समजलं?"

वलगावच्या आईनं मान हलवली. चांदूरची आई मात्र तशीच बसून होती.

"सर, एक विचारू? अर्ध्या गोळ्यांत माही पोरगी बरी होती. झोपत होती. हसून राहिली होती. आता परत पूर्ण द्याच्या?"

सरांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की अभ्यासातून त्या कधीही बाहेर पडू शकतात, पण बाहेरचा नेहमीचा उपचार म्हणजेसुद्धा पूर्ण गोळ्याच. कमी पुरतात की नाही हे अजून कोणालाच माहीत नाही. पुरल्या नाहीत तर आजार परत येतो.

"म्हणजे बाहेर पडली तरी गोळ्या त्याच?"

"त्याच."

"मंग राहतो," चांदूरची आई म्हणाली, आणि मुलीच्या केसांतून हात फिरवत राहिली. तिला नुकतेच नवे केस येत होते.

त्या वर्षीच्या बैठकीत सरांनी हे सगळं बाजारापुढे मांडलं. लपवलं असतं तर कोणाला कळलं नसतं. जे व्हायचं तेच झालं. लोक चिडले. "पाहा," एक गुलाबवाले म्हणाले, "आयाईलेच नाही पटलं. त्याईले कळलं, तुमाले नाही कळलं. बंद करा अन् फळं वाटा." बऱ्याच माना हलल्या. सर कपाळावरचा चष्मा शोधत उभे होते. त्यांच्याजवळ उत्तरं होती, पण ती वर्गातली होती.

मावशींनी विचारलं, "ते चांदूरची बाई आली आहे का?"

ती आली होती. गर्दीत मागे, मुलीला कडेवर घेऊन. मुलगी कडेवर घेण्याच्या वयाची नव्हती, पण त्या आठवड्यात गोळ्यांचे दिवस होते आणि ती चालायला तयार नव्हती.

"काय व, तुले काय वाटते? कोणतं बरं?" मावशींनी विचारलं.

"मले नाही मालूम," ती म्हणाली. तिचा आवाज लहान होता, लोक गप्प झाले. "कमी देल्ल्या तवा पोरगी खुश होती. पण बिमारी वापस आली असती त कोणाच्या नावानं रडली असती मी? अन् पूर्ण देतो त ते अशी होते, पाहा. मी लय विचार केला, काका. मले मालूम नाही, या डॉक्टरीणबाईले मालूम नाही, तुमाले बी नाही. म्हणून त चिठ्ठी काढली. मालूम असतं त कोण काढते चिठ्ठी?"

गुलाबवाले खाली पाहू लागले. मावशी म्हणाल्या, "द्या पुढच्या वर्षीचे," आणि उठून दुकानावर गेल्या.

वर खोलीत आल्यावर सर ट्रंकेवर बसले. "सारी नोकरी हेच शिकवलं, बाई," ते म्हणाले. "एक बी पोट्टं असं नाही बोललं." आणि मग लहान मुलासारखे हसले.

पुढचं लिहायला मला वेळ लागतो आहे. मुलीचा उपचार पूर्ण झाला, आजार गेला. पण तिच्या कमरेचा सांधा दुखू लागला आणि तपासल्यावर कळलं की तिथलं हाड खराब झालं आहे. त्या गोळ्यांनी काही मुलांना होतं, हे आधीपासून माहीत होतं आणि सांगितलेलंही होतं. तिला काठी घ्यावी लागली.

सर तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपास होते आणि बसमध्ये कोणी जागा दिली तर रागावत. त्या महिन्यात त्यांनी काठी विकत घेतली. चांदूरला तिच्या घरी गणित शिकवायला जायचे, स्टेशनापासून काठी टेकत. मी एकदा सोबत होते. मुलगी दारात उभी राहून त्यांचं चालणं बारकाईनं पाहत होती.

"सर, तुमी काठी चुकीच्या हातात धरता. दुखत्या पायाच्या उलट्या हातात धरा लागते."

"माहे दोन्ही पाय चांगले आहेत. मंग कोणत्या हातात धरू?"

"मंग धरता कायले?"

सर जरा गोंधळले. "सवय करून राहिलो," ते म्हणाले. मुलीनं 'काय माणूस आहे' अशा नजरेनं आईकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातली काठी बदलून दुसऱ्या हातात दिली.

परतीच्या गाडीत ते म्हणाले, "त्या दिवशी नागपूरले तिची माय मले विचारत होती, बाई. मी म्हणू शकत होतो, अर्ध्याच दे."

"तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, सर."

"नव्हतं ना. मले बी मालूम आहे, नव्हतं." खिडकीबाहेर तुरीची शेतं सरकत होती. "पण आपल्याले मालूम नव्हतं, म्हणून तिचा पाय दुखाचा थोडीच राहते."

 बडनेऱ्याला उतरताना त्यांनी काठी मुलीनं दिलेल्या हातातच धरली.

सर हिवाळ्यात गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. भाजी दोडक्याची होती, जी त्यांना मुळीच आवडत नसे. त्रिशरण झालं, हिवरखेडहून पुतणे आले, ट्रंका घेऊन गेले. मावशींनी खोली अजून भाड्यानं दिलेली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "देऊ ना. घाई काय आहे?" आणि पाणी मारायला लागल्या, ते फुलांवर कमी आणि माझ्या पायांवर जास्त पडलं.

अभ्यासाचं उत्तर यंदा आलं. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या आणि पूर्वीसारख्याच बारदानावर बसल्या. दुकानदार गोळा झाले. चांदूरची आई मुलीला घेऊन आली होती. मुलगी आता उंच झाली आहे. वलगावच्या आईनं मुलाच्या परीक्षेमुळे त्याला घरीच ठेवलं होतं, पण ती स्वतः आली होती आणि मुलीसाठी कुठूनतरी खुर्ची आणून, खुर्चीवर रुमाल टाकून उभी होती. मुलगी काठी टेकत येऊन तिथं बसली.

डॉक्टरीणबाईंनी सोप्या शब्दांत सांगितलं. सगळीकडच्या रुग्णालयांतली मुलं मोजून झाली. गोळ्या घेतलेली आणि न घेतलेली, दोन्हीकडची सारखीच बरी झाली. आता सौम्य आजाराच्या मुलांना त्या गोळ्या देणार नाहीत.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवत होते. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "म्हणजे ज्या पोराईले देल्ल्या, त्याईले उगाच देल्ल्या?"

टाळ्या थांबल्या. मावशींनी ते वाईट मनानं विचारलं नव्हतं, त्यांना कोण बसलं आहे याचं भानही नव्हतं. पण एकेक करून सगळ्यांच्या नजरा खुर्चीकडे वळल्या. 

"उगाच कशा व मावशी?" चांदूरची आई म्हणाली. "याईले देल्ल्या म्हणून त बाकीच्याईचं समजलं."

 मुलगी आता त्या वयाची आहे की लोकांनी पाहिलेलं तिला आवडत नाही. तिनं आईची साडी ओढली आणि दबक्या आवाजात, पण आम्हाला सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "आई, चाल ना. सगळे माह्या पायाकडे पाहून राहिले."

"पाहू दे," आई म्हणाली. "पुढं असा पाय पाहाले नाही भेटणार त्याईले."